बांधावरची मारवेल : सोलापूरच्या कोरडवाहू रानात लावण आणि निगा

मारवेल म्हणजे चाऱ्याचं गवत; ती एकदा रुजली की दुष्काळाला दाद देत नाही. ती मरते लावणीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, आणि बहुतेकदा चुकीच्या वेळी लावल्यामुळे. सोलापूर भागात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यात सप्टेंबरचा वाटा मोठा. जून बरा गेला तरी जुलैत लांब उघडीप पडते आणि मृगाच्या पहिल्या सरीवर लावलेली ठोंबं (जुन्या गवताचे मुळांसकट फोडलेले तुकडे) तिथंच वाळतात. विहिरीचं, बोअरचं पाणी हाताशी असेल तर आर्द्रा नक्षत्रात, म्हणजे जूनअखेर, लावा. निव्वळ पावसावर असाल तर मघा-पूर्वा, म्हणजे 16 ऑगस्टनंतरचे तीन-चार आठवडे, जास्त भरवशाचे. लावणीआधी खुरप्यानं उकरून पाहा. वीतभर खोल ओल लागलीच पाहिजे.

मध्यम ते भारी काळी जमीन हिला मानवते, थोडी चोपण (खारवट, चिकट) जमीनही चालते. वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागत असेल तर मारवेलीचा हट्ट नको, तिथं पवन्या किंवा डोंगरी गवत घ्या. हरळी आणि कुंदा ही तणं मात्र आधी मुळासकट काढा. ठोंबांच्या जाळ्यात हरळी शिरली की पुढं खुरपून काही साधत नाही.

बियाणं हलकं, केसाळ, वाऱ्यावर उडणारं. ताजं बी नीट उगवतही नाही. म्हणून ठोंबंच लावावीत. गावातल्या जुन्या बांधावर ती मिळतात. काडीच्या गाठीवर पांढऱ्या बारीक केसांचं कडं आणि टोकाला बोटांसारखे फाकलेले जांभळट तुरे दिसले की ती मारवेल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं सुधारित वाणही दिले आहेत. चारा विकायचा असेल तर ते घ्यावेत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून मात्र गवत उपटून आणू नका, तो गुन्हा आहे.

ठोंब फोडताना प्रत्येक तुकड्याला दोन-तीन फुटवे आणि मुळं राहतील असं पाहा. वरचा पाला कापून वीतभर काडी ठेवा, मुळं चार बोटं ठेवून छाटा. लावेपर्यंत ओल्या बारदानात, सावलीत ठेवा. बांधावर उन्हात तासभर उघडी पडली तरी मुळं सुकतात.

सलग रानात दोन ओळींत 45 सेंटिमीटर आणि दोन ठोंबांत 30, म्हणजे गुंठ्याला साधारण 750 ठोंबं लागतात. बांधावर दोन ओळी, तिरकस, फूटभर अंतरानं. दोन-तीन इंच खोल लावून टाचेनं माती घट्ट दाबा. पाती धरून हलकेच ओढा. ठोंब हाताबरोबर वर आलं तर खाली पोकळी आहे, पुन्हा दाबा. पंधरा दिवसांनी नांग्या भरा, म्हणजे मेलेल्या ठोंबांच्या जागी नवी लावा. पहिली खुरपणी महिन्याच्या आत, दुसरी त्यानंतर महिन्यानं.

लावणीआधी गुंठ्याला 100 किलो शेणखत पुरे. पुढं प्रत्येक कापणीनंतर ओल असेल तरच गुंठ्याला अर्धा किलो युरिया. कोरड्या मातीवर टाकलेला युरिया वाया जातो.

पहिल्या वर्षी जनावरं अजिबात सोडू नका, शेळ्या-मेंढ्या तर नाहीच. नव्या ठोंबाची मुळं अजून धरलेली नसतात आणि शेळी ते उपटूनच काढते. बांधाची मारवेल अशीही जाते. पहिली कापणी 75 ते 90 दिवसांनी, तुरे नुकते दिसू लागताच. उशीर झाला की काडी निबर होते आणि जनावरं ती गव्हाणीत तशीच सोडतात. विळा जमिनीपासून चार इंच वर ठेवा. बुडाशी चाटून कापल्यास फुटवा उशिरा येतो. पावसावर वर्षाला दोन-तीन कापण्या मिळतात; पाणी असेल तर दर दीड-दोन महिन्यांनी एक.

थंडीत वाढ मंदावते, एप्रिल-मेमध्ये सगळं तपकिरी दिसतं. घाबरून उपटू नका. बुडखा नखानं खरवडा. आत पांढरट-हिरवट असेल तर ठोंब जिवंत आहे. धुरे (बांध) पेटवायची सवय मात्र मोडा, कारण सुकलेल्या पाल्यापासून आग बुडख्यापर्यंत जाते.

चार-पाच वर्षांनी ठोंब मधून पोकळ होऊन कडेनंच फुटू लागतं. पावसाळ्यात ते खणून काढा, मधला वाळका भाग टाकून द्या आणि कडेचे फुटवे पुढच्या बांधाला लावा.