वायफायवर मल्टिकास्ट: अग्रशाळेतल्या टीव्हीवर आरती न अडकता कशी दाखवायची

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या अग्रशाळांत (भक्तांच्या उतरायच्या खोल्यांत) आणि किनाऱ्याकडच्या गेस्ट हाऊसांत वायफाय बसवायची कामं मी करतो. हल्ली महाजनांची (देवळाच्या कारभाऱ्यांची) एक मागणी ठरलेली असते: आरती आणि जत्रेची पालखी खोल्यांतल्या टीव्हीवर थेट दिसली पाहिजे. एन्कोडर (कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवर पाठवणारं यंत्र) बसवणारा २३९ ने सुरू होणारा मल्टिकास्ट पत्ता देतो आणि जातो. मल्टिकास्ट म्हणजे चित्र एकदाच पाठवायचं, ज्यांना हवं त्या सगळ्यांनी ते घ्यायचं. केबलवर चित्र झकास दिसतं. तेच वायफायवर गेलं की चौकोन पडतात आणि भक्तांच्या फोनवरचं नेटही रखडतं.

याचं कारण वायफायच्या रचनेतच आहे. एका फोनला पाठवलेलं पॅकेट पोचल्याची पोच येते, आली नाही तर एपी (ॲक्सेस पॉइंट, वायफाय पसरवणारा डबा) ते पुन्हा पाठवतो. मल्टिकास्टला आणि ब्रॉडकास्टला (जे न मागता सगळ्यांनाच जातं) पोचच नसते, हरवलं ते हरवलं. शिवाय सगळ्यांना ऐकू जावं म्हणून एपी ते सगळ्यात कमी वेगाने पाठवतो. २.४ गिगाहर्ट्झवर हा वेग बऱ्याचदा १ एमबीपीएस, ५ वर ६ एमबीपीएस. १५०० बाइटचं पॅकेट १ एमबीपीएसने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ त्या चॅनेलवर बाकी सगळे गप्प. आता ६ एमबीपीएसचा व्हिडिओ ६ एमबीपीएसच्या वेगात कसा मावणार?

आधी हवेत काय फिरतंय ते बघा. त्याच वायफायला लॅपटॉप जोडून वायरशार्क (पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा आणि स्वतः काही न करता पाच मिनिटं बसा. तुमच्यासाठी नसलेलं जे दिसेल ते जवळपास सगळं ब्रॉडकास्ट-मल्टिकास्टच असतं: एआरपी (‘हा आयपी पत्ता कुणाचा?’ हा प्रश्न), २२४.०.०.२५१ वर एमडीएनएस, २३९.२५५.२५५.२५० वर एसएसडीपी (दोन्ही आसपासची उपकरणं शोधण्यासाठी).

ही बडबड कमी करायला पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवर वेगळं काढलेलं नेटवर्क) टाका, क्लायंट आयसोलेशन (पाहुण्यांची उपकरणं एकमेकांशी बोलू न देणं) लावा, एपीत प्रॉक्सी एआरपी असेल तर चालू करा. म्हणजे एआरपीचं उत्तर एपीच देतो, प्रश्न हवेत जातच नाही. मात्र ‘सगळं मल्टिकास्ट बंद’ असं बटण दिसलं म्हणून दाबू नका. आयपीव्ही६ मध्ये राउटरची घोषणा आणि शेजाऱ्यांचा शोध मल्टिकास्टवरच चालतो.

मग किमान वेग वाढवा. २.४ वर १, २, ५.५ आणि ११ काढून टाका, १२ पासून सुरू करा. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडच्या कोपऱ्यातल्या खोलीत फोन तुटला, तर तिथे एक एपी वाढवा. एका खोलीसाठी सगळ्यांचा वेग खाली आणायचा नाही.

व्हिडिओसाठी खरा उपाय म्हणजे मल्टिकास्टचं युनिकास्ट करणं. ज्या टीव्हीने मागितलं त्यालाच एपी वेगळी प्रत पाठवतो, त्याच्या वेगाने आणि पोच घेऊन. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ब्रिजवर आयजीएमपी स्नूपिंग (कुणी कोणता मल्टिकास्ट मागितला याची यादी ठेवणं) आणि वायफायवर मल्टिकास्ट टू युनिकास्ट, दोन्ही लागतात. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांत जुन्या वायरलेस पॅकेजमध्ये मल्टिकास्ट हेल्पर ‘फुल’ करायचं. हिशेब सोपा आहे: ६ एमबीपीएसचे आठ टीव्ही म्हणजे ४८ एमबीपीएस, ५ गिगाहर्ट्झचा बरा एपी हे सहज ओढतो. चाळीस टीव्ही म्हणजे २४०. तिथे टीव्ही तीन-चार एपींत वाटा, किंवा सरळ केबल ओढा. इमारतींच्या मधे फायबरच हवी. तांब्याची लांब केबल जूनच्या पहिल्या गडगडाटात पोर्ट घेऊन जाते.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. टीव्ही लावला, चित्र छान आलं, तुम्ही हत्यारं भरून निघालात, आणि साधारण चार मिनिटांनी चित्र थिजलं. चॅनेल बदलून परत आणला की पुन्हा चार मिनिटं. लोक एन्कोडरला शिव्या घालतात. पण हा दोष बहुधा आयजीएमपी क्वेरिअर नसल्याचा. ‘अजून कोण बघतंय?’ असं दर १२५ सेकंदांनी कुणीतरी विचारावं लागतं. विचारणारा नसेल तर टीव्ही पुन्हा हात वर करत नाही, आणि नेहमीच्या सेटिंगवर २६० सेकंदांनी स्विच त्याचं नाव यादीतून काढतो. त्या व्हीलॅनवर राउटर किंवा मुख्य स्विच यांपैकी एकावर क्वेरिअर चालू करा. तपासताना टीव्हीसमोर निदान दहा मिनिटं बसा, चहा तिथेच मागवा.

युनिकास्ट जमतच नसेल, तर एपीतलं डीटीआयएम सेटिंग बघा. एपी सतत ‘मी इथे आहे’ असे बीकन पाठवतो, त्यांतल्या दर कितव्या बीकननंतर मल्टिकास्ट सोडायचं हे त्यात ठरतं. एपीवर एक जरी फोन झोपेत (बॅटरी वाचवत) असला की सगळं मल्टिकास्ट पुढच्या डीटीआयएम बीकनपर्यंत अडवून ठेवलं जातं. ३ ठेवलं तर साधारण ३०० मिलिसेकंद, १ ठेवलं तर १००. टीव्हींसाठी वायफायचं वेगळं नाव (एसएसआयडी) काढा, तिथे १ ठेवा आणि त्याचा पासवर्ड पाहुण्यांना देऊ नका. नावं मात्र तीन-चारच्या वर नेऊ नका, कारण प्रत्येक नावाचे सेकंदाला दहाएक बीकन त्याच कमी वेगाने जातात.