बचत गटाच्या बैठकीला जाताना कोणता कागद न्यावा

चाकण एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचं एचआर मी बघते. गेली सहा वर्षं आमची बरीचशी भरती जवळच्या वस्तीतल्या बचत गटांमार्फत आणि एका मंडळाच्या अभ्यासिकेमार्फत होते. ज्या एचआरवाल्यांना असं काही सुरू करायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एकच गट धरा. त्यांना ऑफिसात बोलावू नका, त्यांच्या मासिक बैठकीला तुम्ही जा. हप्ते गोळा होऊन वहीत नोंदी होईपर्यंत तुमचा विषय निघणार नाही, तोवर शांत बसा. कुणाच्या शब्दाला वजन आहे ते त्या अर्ध्या तासात कळतं. दर वेळी ती गटाची अध्यक्षच असते असं नाही.

कंपनीचं रंगीत माहितीपत्रक घरी ठेवा. एका साध्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या: शिफ्ट किती वाजता, बस कुठे थांबते, काम उभ्याने की बसून, नोकरी कंपनीची की ठेकेदाराची, आणि हातात किती पडणार. सीटीसी, म्हणजे कंपनीला एका माणसामागे पडणारा एकूण खर्च, सांगूच नका. पीएफचे १२ टक्के, पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के, कॅन्टीनचे पैसे, सगळं वजा करून उरलेला आकडा लिहा. महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर लागत नाही, हेही सांगा. ईएसआयमध्ये घरच्यांनाही दवाखाना मिळतो म्हटलं की मागे बसलेल्या बायका पुढे सरकतात.

जागांचा आकडा मंजुरीची सही झाल्याशिवाय तोंडातून काढू नका. पहिल्या वर्षी मी तीस जागा सांगून बसले, वरून आठच मंजूर झाल्या. बाकीच्या बावीस जणींना निरोप द्यायला गटातल्या ताई दारोदार फिरल्या. जायला हवं होतं मी. पुढचे चार महिने त्या गल्लीतून एकही अर्ज आला नाही.

खरा वेळ द्यायचा तो कागदपत्रांना. मुलाखतीच्या महिनाभर आधी एक रविवार त्यासाठीच ठेवा. गेल्या वर्षी एक ताई प्लास्टिकच्या पिशवीत सगळं नीट घडी करून घेऊन आल्या. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दाखल्यावर जन्मतारीख १ जून, म्हणजे गुरुजींनी घातलेली, आणि आधारवर नुसतं वर्ष. आधारला जोडलेला मोबाइल नंबर दिराचा, तोही बंद पडलेला. काम त्यांना उत्तम जमलं असतं, पण या कागदांवर पीएफचा यूएएन, म्हणजे खात्याचा कायमचा नंबर, निघाला नसता आणि पगार अडकला असता. विवाह नोंदणीचा दाखला काढणं, आधार केंद्रावर तारीख आणि नंबर दुरुस्त करणं, यात तीन आठवडे गेले. आधी पाहिलं म्हणून निभावलं. अशा कामाला आपल्या विभागातला फॉर्म भरणारा माणूस सोबत न्या. मूळ कागद मात्र एक रात्रसुद्धा ठेवून घेऊ नका, झेरॉक्स काढून तिथल्या तिथे परत द्या.

अभ्यासिकेतल्या मुलांचं वेगळं. कागद चोख असतात, बोलताना मान खाली जाते. त्यांच्यासाठी दोन संध्याकाळी सराव मुलाखती पुरतात. प्रश्न लाइन सुपरवायझरला विचारू द्या.

निकाल तीन दिवसांत कळवा, आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांना फोन आधी करा. कारण स्पष्ट सांगा: नजर कमी पडली, उंची कमी पडली, जागाच संपल्या. मधल्या कुणालाही माणसामागे पैसे देऊ नका आणि हे पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर बोलून टाका. गटाला मदत करायचीच असेल तर कॅन्टीनला लागणाऱ्या चपात्यांची ऑर्डर द्या, रीतसर बिलावर.

पहिला पगार झाला की बैठकीला परत जा. पगाराची स्लिप आणायला सांगा आणि तुमच्या त्या जुन्या कागदाशेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा. दोन्ही आकडे जुळले तर पुढच्या जागांची विचारणा तिथेच सुरू होते. जुळले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्लिप घेऊन पगार विभागात तुम्ही स्वतः जा आणि संध्याकाळपर्यंत ताईंना फोन करा.