भिंतीला ओरखडा न पाडता आरव्ही सजवायची तर: तयारीची यादी

आरव्ही म्हणजे राहायची सोय असलेली गाडी. सामान विकत घ्यायच्या आधी तिची भिंत ओळखून घ्या. अमेरिकेत भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याचशा मोटरहोम आणि ट्रॅव्हल ट्रेलरच्या आत घरासारखा ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा बोर्ड, नसतो. लुआन नावाच्या हलक्या लाकडाचा जेमतेम ३ मिलिमीटरचा प्लाय असतो, त्यावर कारखान्यातच नक्षीचा कागद किंवा व्हिनाइल चिकटवलेलं असतं, आणि मागे थर्मोकोलसारखा फोम व अ‍ॅल्युमिनियमचा किंवा लाकडाचा सांगाडा. म्हणजे आपण हुक चिकटवतो तो भिंतीला नव्हे, त्या कागदाला. काढताना हुक शाबूत राहतो आणि कागदच पापुद्र्यासारखा सोलून हातात येतो. खिळ्याची किंवा स्क्रूची गोष्ट तर सोडूनच द्या. ३ मिलिमीटरच्या प्लायमध्ये स्क्रूला धरायला काही नसतं, गाडी हलली की भोक मोठं होत जातं, आणि मागे १२ व्होल्टची वायर, १२० व्होल्टची वायर किंवा पाण्याचा पाइप नेमका कुठून गेलाय हे बाहेरून कळत नाही. टाचणीसुद्धा नको, कागदाला पडलेलं भोक बुजत नाही.

मग लावायचं कुठे? क्रम ठरवून घ्या. जे आधीच स्क्रूने पक्कं बसवलेलं आहे त्याला पहिली पसंती: पडद्याचा रॉड, कपाटांच्या मुठी, हात धरायचा दांडा, टॉवेलची कडी. त्यानंतर कडक आणि गुळगुळीत जागा: आरसा, काच, बाथरूममधलं फायबरग्लास. मग दोन कपाटांच्या मध्ये ताणून बसणारे स्प्रिंगचे रॉड. भिंत सगळ्यात शेवटी, तीही हलक्या वस्तूंपुरतीच. दोन पॅनेलच्या जोडावर जी पातळ पट्टी दिसते तिला काहीही लटकवू नका. ती बारीक पिनांनी नुसती ठोकलेली असते, ओढ बसली की उचकटते.

गाडी ताब्यात घेताना प्रत्येक भिंतीचा, छताचा आणि कपाटाच्या दाराचा फोटो काढा, शक्यतो खिडकीतून तिरका उजेड पडत असताना. आधीच्या लोकांचे चिकटपट्टीचे डाग आणि फुगवटे तिरक्या उजेडातच दिसतात. मालकाला लेखी मेसेज करून विचारा, ‘काढता येणाऱ्या पट्ट्या लावल्या तर चालेल का?’ काही जण साफ नको म्हणतात. तसं असेल तर ही यादी निम्म्यावर येते आणि डिपॉझिटचा घोरही जातो.

खरेदी फार नाही. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची एक बाटली, सुती फडकं, रंगाऱ्याची निळी टेप (नाजूक पृष्ठभागासाठीची मिळते ती), मध्यम आकाराच्या कमांड पट्ट्यांचं (ओढून काढता येणाऱ्या चिकट पट्ट्या) एक पाकीट, पारदर्शक छोट्या क्लिप, दोन स्प्रिंग रॉड, फेल्टच्या (नमद्यासारख्या जाड कापडाच्या) चकत्या, कपाटात अंथरायची न घसरणारी जाळीदार मॅट, २० बाय ३० इंची फोमबोर्डचे (आत फोम असलेला हलका पुठ्ठा) दोन-तीन तक्ते आणि साधी मोजपट्टी. लोहचुंबक घेऊ नका. भिंतीतल्या अ‍ॅल्युमिनियमला तो चिकटत नाही आणि आरव्हीच्या फ्रिजचं दार बऱ्याचदा लाकडी किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पॅनेलचं असतं. पोस्टर चिकटवायचा निळा किंवा पांढरा पुट्टीसारखा गोळा काचेवर ठीक, पण कागदी भिंतीवर त्याचं तेल उतरतं आणि तो गोल डाग जन्मात जात नाही.

कमांड पट्ट्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळा भरवसा लोक त्यांच्यावरच टाकतात. त्या बनवणारी थ्रीएम कंपनी स्वतः सांगते की वॉलपेपरवर या पट्ट्या वापरू नका, आणि आरव्हीची भिंत म्हणजे एका अर्थी वॉलपेपरच. म्हणून आधी चाचणी. कपाटाच्या आत किंवा गादीमागे झाकली जाईल अशा जागी एक पट्टी लावा, २४ तास ठेवा आणि काढा. काढताना नजर पट्टीच्या कडेवर ठेवा. नक्षीचा कागद तंबूसारखा जरा जरी वर उचलला गेला, तर तिथेच थांबा. त्या गाडीत भिंतीवर काहीच चिकटवायचं नाही. कागद जागचा हलला नाही, तरच पुढे जा. जागा अल्कोहोलने हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या. वेट वाइप्स किंवा काच पुसायचा स्प्रे चालत नाही, त्यांचा निसरडा थर मागे राहतो. अ‍ॅसिटोन तर नक्षीच विरघळवतं. पट्टी ३० सेकंद दाबून धरा, एक तास काहीही टांगू नका. लोक इथेच घाई करतात.

वजनाचं गणित पाकिटावर छापलेलं असतं. मध्यम पट्टीची एक जोडी ३ पौंड, म्हणजे साधारण १.४ किलो. पण हा आकडा घरातल्या स्थिर भिंतीचा. हायवेवर ताशी ६५ मैलांच्या वेगाने हादरे खाणाऱ्या गाडीत त्याचा निम्माच धरा. शिवाय या पट्ट्या खालच्या दिशेचं वजन चांगलं पेलतात, भिंतीपासून लांब ओढणारा जोर त्यांना सोसत नाही. जाड फ्रेम वरच्या बाजूने पुढे झुकते आणि पट्टी वरून सुटत येते. म्हणून फ्रेमला वर दोन आणि खाली दोन पट्ट्या हव्यात, म्हणजे ती डुलणारच नाही. काचेची फ्रेम आणू नका. फोमबोर्डवर चिकटवलेला फोटो काही औंसांचा असतो, पडला तरी कुणाचं डोकं फुटत नाही. उष्णतेचंही बघा. या पट्ट्या ५० ते १०५ अंश फॅरनहाइटपर्यंतच्या. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात एसी बंद करून उभी केलेली गाडी १०५ सहज ओलांडते, आणि संध्याकाळी परत येईपर्यंत सगळी सजावट सोफ्यावर पडलेली असते.

रंगीत भिंत हवीच असेल तर सगळ्यात निर्धोक उपाय म्हणजे न चिकटवता टेकवलेलं पॅनेल. जेवणाच्या टेबलामागची भिंत यासाठी उत्तम, कारण खाली गादीची पाठ आणि वर कपाट असा आयता आधार मिळतो. आधी पुठ्ठ्याचा साचा कापा. कोपरे क्वचितच काटकोनात असतात, त्यामुळे नुसत्या मापावर विसंबू नका. साचा बसला की त्यावरून फोमबोर्ड कापा, चारही बाजूंनी सुताभर कमी, कारण कापड गुंडाळलं की जाडी वाढते. कापड प्रत्येक बाजूला दोन इंच जास्त घ्या, मागे वळवून टेपने ताणा, कोपऱ्यात पाकिटासारखी घडी घाला. जुनी इरकल किंवा खणाचा तुकडा असेल तर तो इथे झकास दिसतो, मात्र काठ आडवा घ्या, उभा घेतला तर तीन फुटी भिंत आणखीनच आखूड वाटते. पॅनेलच्या मागे सहा फेल्टच्या चकत्या लावा. त्या शोभेसाठी नाहीत: थंडीत चार माणसांच्या श्वासाची वाफ बाहेरच्या भिंतीवर आतून धरते, पॅनेल चिकटून बसलं तर हवा फिरत नाही आणि आठवडाभरात काळी बुरशी येते. आता खालची कड गादीमागे खोचा, वरची कपाटाखालच्या पट्टीआड सरकवा. लांबच्या मुक्कामात आठवड्यातून एकदा काढून मागे हात फिरवून बघा.

सोलून चिकटवायचा वॉलपेपर भाड्याच्या गाडीत आमच्या मते नकोच. उन्हाने कडा वळतात, आणि व्हिनाइलवर बरेच दिवस राहिलेला गोंद मऊ होऊन काढताना लोंबतो. खळीत बुडवून कापड भिंतीला लावायची युक्ती घराच्या रंगवलेल्या भिंतीवर चालते. इथे खळीचं पाणी जोडातून प्लायमध्ये शिरतं, प्लाय फुगतो आणि तो फुगवटा परत बसत नाही.

खिडकीवर कापड मढवलेली लाकडी झालर असते, बहुधा मळखाऊ रंगाची. ती बदलायला भिंतीला हातही लावावा लागत नाही. झालर ४० इंच रुंद, ६ इंच उंच आणि बाजूने ४ इंच खोल असेल, तर ४० अधिक दोन्ही बाजूंचे ४-४ मिळून ४८, आणि वळवायला दोन्हीकडे २-२ इंच, असं ५२ इंच रुंद कापड लागेल. उंचीला ६ इंचांवर वर-खाली ३-३ इंच, म्हणजे १२. कापड वरून गुंडाळायचं आणि मागे कापडाला कापडच पिनेने जोडायचं. सुटकेच्या खिडकीवर मात्र काही नको. तिच्या खिट्ट्या लाल रंगाच्या असतात, त्या अंधारात चाचपून सापडल्या पाहिजेत.

स्प्रिंग रॉडची टोकं उघड्या भिंतीवर दाबू नका, दोन सांगाड्यांमधला प्लाय खळगा पडून आत दबतो. कपाटाच्या बाजूंमध्येच बसवा, टोकाला फेल्ट लावा, आणि बसेल इतकंच ताणा. दिव्यांची माळ बॅटरीची किंवा यूएसबीची घ्या, पडद्याच्या रॉडवरून किंवा कपाटांच्या मुठींवरून न्या. छताचं आवरण बऱ्याचदा मऊ असतं, तिथे क्लिप चिकटवली तर आवरण खाली लोंबतं. तोरण दोन कपाटांच्या मुठींना बांधा, पण कापडी किंवा लोकरीचं. ताज्या झेंडूचा ओला पिवळा डाग व्हिनाइल पिऊन टाकतं. उघडी ज्योत नकोच, समई बॅटरीची. रांगोळी ताटात काढा, निघताना ताट उचलता येतं.

स्लाइड-आउट, म्हणजे मुक्कामी बाहेर सरकवायचा खोलीचा भाग, असलेल्या गाडीत एक चाचणी अनिवार्य आहे. स्लाइड आत येते तेव्हा तिच्या आणि समोरच्या कपाटामध्ये किंवा कडेच्या भिंतीशी किती जागा उरते ते डोळ्यांना फसवं दिसतं. ज्या जागी काही लावायचं आहे तिथे एक इंची स्पंजचा तुकडा निळ्या टेपने चिकटवा, एकाला आत उभं करून स्लाइड हळूहळू आत घ्या. स्पंज दबला किंवा खरवडला गेला, तर ती जागा बाद. स्लाइडवरून वायर कधीच ओलांडून नेऊ नका.

वाढदिवस असेल तर फुग्यांचं आधी बघा. उदाहरणार्थ, सॉल्ट लेक सिटी समुद्रसपाटीपासून साधारण ४,२०० फुटांवर, यलोस्टोन नॅशनल पार्कमधलं सरोवर ७,७०० फुटांच्या आसपास. खाली गच्च फुगवलेला फॉइलचा फुगा चढावर हवेचा दाब कमी झाला की फुटतो. पाऊणच भरा, नाहीतर वर पोचून फुगवा. सक्शनचे हुकही उंचीवर सैल पडतात, कारण त्यांना धरून ठेवतो तो बाहेरच्या हवेचा दाबच. पोचल्यावर पुन्हा दाबून बसवा.

धुराचा अलार्म आणि गॅसचा डिटेक्टर झाकलेला नाही ना ते सजावट झाल्यावर खाली वाकून तपासा. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीलगत असतो, आणि लांब टेबलक्लॉथ नेमका त्याच्यावर येतो. शेगडीच्या आसपास कापड, कागद, माळ काही नको. गाडी सुरू करण्याआधी कपाटावरची प्रत्येक सुटी वस्तू जाळीदार मॅट घातलेल्या खणात जाते आणि टेकवलेली पॅनेल पलंगावर आडवी.

काढायची वेळ सकाळी थंडीत ठेवू नका, गोंद कडक असतो आणि पट्टी तुटते. आत ७० अंश फॅरनहाइटपर्यंत ऊब येऊ द्या. फ्रेम खालून सोडवा, मग पट्टीचं शेपूट भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ओढा. ती फूटभर किंवा जास्त लांबत जाते आणि आपोआप सुटते. आपल्याकडे ओढलीत की कागद गेलाच. शेपूट तुटलं तर दातांचा फ्लॉस मागे घालून करवतीसारखा चालवा. हेअर ड्रायर लावायचा तर सगळ्यात कमी आचेवर आणि काही सेकंदच, जास्त उष्णतेने भिंतीचा स्वतःचा गोंद सुटून बुडबुडा येतो. १,५०० वॅटचा ड्रायर साडेबारा अँपिअर घेतो. ३० अँपिअरच्या जोडणीवर एसी चालू असेल तर ब्रेकर पडू शकतो, म्हणून एसी आधी बंद. उरलेला चिकटपणा अंगठ्याने गोळी करून काढा, मग अल्कोहोलचा बोळा. तेल नको.

इतकं करूनही नखाएवढा कागद फाटलाच, तर लोंबणारा तुकडा उपटू नका. टूथपिकच्या टोकावर पांढऱ्या फेविकॉलसारख्या गोंदाचा थेंब घेऊन मागे लावा, तुकडा बोटाने बसवा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने टिपा. वर बेकिंगच्या मेणकागदाचा तुकडा ठेवून निळ्या टेपने रात्रभर दाबा. सकाळी फोटो काढा, आणि गाडी परत करायच्या आधी तो मालकाला स्वतःहून पाठवा.