टुंड्राची हिरवळ वाचताना या चुका टाळा

उत्तर ध्रुवाभोवतीच्या टुंड्रा प्रदेशात उन्हाळा जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असतो आणि जमिनीचा वरचा हातभर थर वितळला, तरी त्याखाली ती बारमाही गोठलेलीच राहते. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापत आहे आणि तिथल्या वनस्पतींवर त्याचे परिणाम आता उघड दिसू लागले आहेत; उपग्रहांवरून काढलेल्या नकाशांत बऱ्याच ठिकाणी हिरवेपणा वाढलेला दिसतो. या विषयावरचे लेख, विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि नकाशांवरची भाष्ये वाचताना मात्र काही चुका इतक्या वारंवार आढळतात की, त्या सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते. कारण त्यांमुळे निष्कर्ष थोडेफार चुकून भागत नाही, काही वेळा ते पार उलटे निघतात.

हिरवा रंग म्हणजे भरभराट असे समजणे

ही चूक सर्वांत जास्त आढळते. उपग्रह जे मोजतो तो वनस्पतींचा थेट शोध नसतो. हिरवी पाने लाल प्रकाश शोषून घेतात आणि अवरक्त प्रकाश परावर्तित करतात, या फरकावरून एक निर्देशांक काढला जातो. पानांचे प्रमाण वाढले की निर्देशांक वाढतो. ती पाने कोणाची आहेत, हे त्याला सांगता येत नाही. आणि टुंड्रात खरा प्रश्न नेमका तोच आहे. ऊब वाढली की सर्वांत आधी फोफावतात ती खुरटा बर्च, विलो आणि अल्डर यांसारखी झुडपे. अलास्काच्या ‘नॉर्थ स्लोप’ या उत्तरेकडील प्रदेशात १९४० च्या दशकाच्या अखेरीस विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि त्याच जागांची पन्नास वर्षांनंतरची छायाचित्रे शेजारी ठेवली, तेव्हा नदीकाठच्या मोकळ्या उतारांवर झुडपांचे गडद ठिपके पसरलेले आणि जुने ठिपके दाट झालेले दिसले.

झुडूप वाढले की जमिनीलगत काय घडते, हे गुडघे टेकून पाहिल्याशिवाय कळत नाही. खुरट्या बर्चची पाने बोटाच्या नखाएवढी, गोलसर आणि दातेरी कडांची असतात. एकेक पान क्षुल्लक, पण फांद्या एकमेकींत गुंतल्या की त्यांची सावली सलग होते. त्या सावलीखाली सापडतात ती दगडफुले, शेवाळे आणि जमिनीला चिकटून वाढणाऱ्या फुलवनस्पती. आठ पाकळ्यांचे ड्रायसचे पांढरे फूल दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरते आणि वाटीसारख्या पाकळ्यांत ऊब साठवते. ऊन अडले की त्याची ही सारी सोय वाया जाते. दगडफुलांना मुळे नसतात, ती वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात आणि हिवाळ्यात रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून जे खातात, त्यात त्यांचा वाटा मोठा असतो. नकाशावर तो चौरस अधिक हिरवा झालेला दिसेल. रेनडिअरसाठी तो अधिक रिकामा झालेला असेल.

नकाशातून काही विचित्र दिसले तर

एखाद्या भागात निर्देशांक अचानक चढलेला किंवा उतरलेला दिसला, तर हवामानाकडे बोट दाखवण्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्यात. बर्फ नेमका कधी वितळला? प्रतिमा घेतली त्या दिवशी जमिनीवर पाणी साचले होते का? कारण पाण्यामुळे निर्देशांक खाली येतो आणि जमिनीखालचे पाचरीच्या आकाराचे बर्फ वितळून जिथे खड्डे पडतात, तिथे नवी डबकी तयार होत असतात. त्या जागी पूर्वी वणवा लागला होता का? २००७ मध्ये अलास्कातील अनाक्टुवुक नदीच्या परिसरात सुमारे १,००० चौरस किलोमीटर टुंड्रा जळाला. जळालेल्या बुंध्यांतून कापसासारख्या बोंडांचे लव्हाळे लवकरच पुन्हा फुटले. म्हणून कोणी २००८ पासूनची आकडेवारी घेऊन आलेख काढला, तर त्याला झपाट्याने हिरवे होणे दिसेल, आणि ते तापमानवाढीचे लक्षण नसून जखम भरून येणे असेल.

नकाशाचा एक ठिपका किती जागेचा आहे, हेही विसरू नये. उपग्रहांच्या जुन्या नोंदसंचांत एक ठिपका आठ किलोमीटर रुंदीचा असतो. लँडसॅट या उपग्रहमालिकेचा ठिपका तीस मीटरचा. आठ किलोमीटरच्या ठिपक्यात तळे, खडक, दलदल आणि झुडपे सगळे मिसळून एकच आकडा तयार होतो. लँडसॅटच्या १९८५ ते २०१६ या काळातील नोंदींवरून केलेल्या अभ्यासात सुमारे ३७ टक्के ठिकाणी हिरवेपणा वाढलेला आणि सुमारे ५ टक्के ठिकाणी घटलेला आढळला. उरलेल्या मोठ्या हिश्श्यात ठळक बदल दिसला नाही. “संपूर्ण आर्क्टिक हिरवे होत आहे” हे वाक्य या आकड्यांना धरून नाही.

फक्त प्रजातींची संख्या मोजणे

जैवविविधतेचा अभ्यास म्हणजे चौकटीतल्या प्रजाती मोजणे, असा समज पक्का रुजलेला आहे. एक मीटर बाजूची चौकट जमिनीवर ठेवायची, तिच्यावरच्या जाळीच्या छेदबिंदूंतून बारीक सळई खाली सोडायची आणि ती कोणकोणत्या वनस्पतींना स्पर्श करते ते लिहायचे, ही पद्धत उत्तम आहे. तिच्यातून काढलेली एकटी बेरीज मात्र अपुरी आहे. आर्क्टिकमधील ४५ अभ्यासक्षेत्रांतील दोन हजारांहून अधिक चौकटींच्या १९८१ ते २०२२ मधील नोंदींचे विश्लेषण २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रजातींच्या सरासरी संख्येत एकाच दिशेचा बदल आढळला नाही. एवढेच वाचून कोणी “टुंड्रा स्थिर आहे” असे लिहिले, तर तो अनर्थ होईल, कारण निम्म्याहून अधिक चौकटींत प्रजाती नव्याने आल्या होत्या किंवा नाहीशा झाल्या होत्या, आणि जिथे उभ्या वाढीची झुडपे पसरली तिथे प्रजाती गमावण्याकडे कल होता. दहांतल्या दोन गेल्या आणि दोन आल्या, तर बेरीज दहाच राहते. पण गेलेल्या दोन थंडीच्या खास रहिवासी असतील आणि आलेल्या दोन दक्षिणेकडे सर्वत्र आढळणाऱ्या असतील, तर नुकसान झालेले असतेच. म्हणून संख्येबरोबर कोण गेले आणि कोण आले याची यादी, आणि शक्य असेल तिथे वनस्पतींची उंचीही द्यावी.

येथे काळाचाही प्रश्न आहे. टुंड्रातील वनस्पती दीर्घायुषी आहेत. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या विलोच्या खोडात अनेक दशकांची वलये सापडतात, आणि सायलीन अकॉलिस या उशीसारख्या वनस्पतीचे काही पुंजके तीनशे वर्षांहून जुने असतात. अशी वनस्पती जागा प्रतिकूल झाल्यानंतरही वर्षानुवर्षे टिकून राहते, कदाचित रोपे रुजणे थांबल्यावरही. तिची हजेरी लागली, म्हणजे तिचे बरे चालले आहे असे धरू नये. आसपास तिची कोवळी रोपे दिसतात का, ते पाहावे.

हिवाळा वगळणे

आपण उन्हाळ्याच्या सरासरी तापमानावरच लक्ष ठेवतो, पण काही मोठे आघात हिवाळ्यात होतात. डिसेंबर २००७ मध्ये उत्तर स्कँडिनेव्हियात थोडे दिवस हवा उबदार झाली, बर्फाची चादर वितळली आणि मग कडाका परतला. उघड्या पडलेल्या क्रोबेरी या खुरट्या झुडपाच्या फांद्या मेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात १,४०० चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश तपकिरी दिसला. वार्षिक सरासरीत ही घटना सापडत नाही.

झुडपे वाढली की जमीन वितळणारच, असे गृहीत धरणे

झुडपांत अडकलेला बर्फ हिवाळ्यात जमिनीला उबदार ठेवतो, हे खरे. पण उन्हाळ्यात त्यांचीच सावली ती थंड ठेवते. सायबेरियातील कितालिक येथे संशोधकांनी काही चौकटींतून खुरटा बर्च काढून टाकला, तेव्हा तिथे जमीन अधिक खोल वितळली, पुढे खचली आणि पाणी साचले. परिणाम कोणत्या बाजूला झुकेल, हे जागा, बर्फ आणि ओलावा यांवर ठरते. एकाच सूत्रात ते बसत नाही.

प्रयोगातील काचघर म्हणजे भविष्य समजणे, आणि चरणारी जनावरे विसरणे

१९९० मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोगात वरून उघड्या षट्कोनी काचघरांनी आतली हवा एक ते तीन अंशांनी तापवली जाते. या प्रयोगाने मोलाची माहिती दिली, याबद्दल शंका नाही. परंतु हे काचघर वारा अडवते, हिवाळ्यात ठेवले तर बर्फ साठवते, आणि मोठ्या जनावरांना दूरही ठेवते. शेवटची गोष्ट अनेकदा नजरेआड होते. पश्चिम ग्रीनलंडमधील कांगेरलुसुआक येथे ऊब देण्याबरोबर काही चौकटींना कुंपणही घातले गेले. जिथे रेनडिअर आणि मस्क ऑक्स चरू शकत होते, तिथे तापवलेल्या चौकटींतही झुडपांची वाढ बरीच कमी राहिली. दुसरीकडे हेच कळप दगडफुलांचे थर तुडवून खाऊनही टाकतात. त्यामुळे दगडफुले घटलेली दिसली, तर दोष उष्णतेचा, सावलीचा की चराईचा, हे कुंपणाच्या आतील आणि बाहेरील चौकट शेजारी ठेवून तपासावे लागते. आपल्या नोंदवहीत लेंड्या, खुरांच्या खुणा आणि कुरतडलेल्या शेंड्यांसाठी पहिल्या वर्षापासून वेगळा रकाना ठेवावा. दहा वर्षांनी तो मागून भरता येत नाही.