लिनक्सवर गेम अडखळतोय? आधी मँगोहड लावा
पुण्यात एप्रिल-मेच्या उकाड्यात लॅपटॉपवर गेम अडखळायला लागला की लगेच ग्राफिक्स खाली आणू नका, आधी मँगोहड टाका, म्हणजे गेम चालू असताना स्क्रीनवरच त्याचा वेग आणि तापमान दाखवणारं टूल. उबंटूत ॲप्टनेच (सॉफ्टवेअर टाकायच्या कमांडने) येतं, मग स्टीममधे गेमच्या लाँच ऑप्शन्सला मँगोहड, स्पेस आणि दोन पर्सेंट चिन्हांच्या मधे कमांड, सगळं स्मॉल इंग्रजीत, बास. नुसत्या एफपीएसवरून (सेकंदाला किती फ्रेम) काही कळत नाही हो, फ्रेमटाइमचा (एकेका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) ग्राफ बघा, रेघ सपाट असेल तर ४५ एफपीएसलाही गेम मस्त चालतो. सीपीयू-जीपीयूचं तापमान आणि क्लॉक (चिपचा वेग) पण ऑन करा, तापमान चढून क्लॉक पडत असेल तर लॅपटॉप तापतोय, मग एफपीएस लिमिट लावा, खरंच फरक पडतो. ही सेटिंग्ज कॉन्फिग फाइलमधे लिहायचा कंटाळा असेल तर गोओव्हरले नावाचं ॲप आहे, त्यात नुसतं टिक करायचं. मँगोहड लपवायला उजवी शिफ्ट आणि एफ १२.