इंग्रजी साहित्य शिकताना: हा शब्द काढून दुसरा घालून बघा

मी इंग्रजी साहित्याला प्रवेश घेतला तेव्हा एका काकांनी विचारलं होतं, "इंग्रजी तर तुला येतंच, मग त्यात शिकायचं काय?" तेव्हा काही सुचलं नव्हतं. तीन वर्षं साहित्य, पुढची दोन वर्षं सर्जनशील लेखन आणि आता पहिल्या वर्षाच्या मुलांचे निबंध तपासण्याचं काम, एवढं झाल्यावर उत्तर सापडलंय. भाषा येते म्हणूनच आपण ती भरभर वाचतो. विद्यापीठात आधी शिकावं लागतं ते सावकाश वाचायला. सावकाश म्हणजे नेमकं कसं, ते पुढे सांगते.

आधी वाचनयादीचं बघू, कारण पहिली धडकी तीच भरवते. यादीतल्या क्रमानं वाचायला बसू नका. जाडजूड कादंबऱ्या सत्र सुरू व्हायच्या आत सुट्टीत वाचून टाका. एका आठवड्यात एक व्हिक्टोरियन कादंबरी आणि दोन असाइनमेंट, हे गणित कोणाचंच सुटत नाही. कविता मात्र आधी उरकून ठेवण्यात अर्थ नाही. ती तासाच्या आदल्या रात्री वाचा, तासाला जाण्यापूर्वी वाचा आणि तास झाल्यावर पुन्हा वाचा. नाटक मोठ्यानं वाचा, खोलीतलं कोणी हसलं तरी. पुस्तकाच्या सुरुवातीला लांबलचक प्रस्तावना असते, ती शेवटी वाचा. गोष्टीचा शेवट आधीच कळतो हा तोटा लहान. ती आधी वाचली की तुमचं स्वतःचं मत बनतच नाही, हा मोठा. गाइड आणि तयार सारांश यांनाही हेच लागू. कोण कोणाचा भाऊ हे विसरलात तर बघा खुशाल, पण पहिलं वाचन तिथून नको.

आणि आवृत्ती तपासा. हे मी पोळल्यावर शिकले. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी पहिल्यांदा १८१८ साली निघाली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय. १८३१ साली तिनं बरेच फेरफार करून ती पुन्हा काढली. पहिल्या आवृत्तीत एलिझाबेथ ही नायक व्हिक्टरची आतेबहीण आहे. १८३१च्या आवृत्तीत ती बाहेरून आणलेली, रक्ताचं काही नातं नसलेली मुलगी आहे. वर्गात आम्हाला १८१८ची प्रत लावलेली होती. मी इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतली ती निघाली १८३१ची. मी मोठ्या जोशात निबंध लिहिला की परक्या घरातली मुलगी आणून तिला 'आपली' म्हणणं हे या घराचं मूळ दुखणं आहे. निबंध परत आला तेव्हा समासात पेन्सिलीनं दोनच शब्द होते: 'कोणती आवृत्ती?' तेव्हापासून कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी त्याच्या शीर्षकपानामागच्या पानाचा फोटो काढून ठेवते. संदर्भसूची करताना तोच फोटो उपयोगी पडतो.

आता सावकाश वाचण्याबद्दल. याला क्लोज रीडिंग म्हणतात. शिक्षक सांगतात, 'भाषेकडे लक्ष द्या', आणि विद्यार्थी भाषेकडे लक्ष देऊन लिहितात, 'कवीने सुंदर प्रतिमा वापरल्या आहेत.' यातून काहीच निघत नाही. त्याऐवजी एक शब्द निवडा, तो मनातल्या मनात काढून टाका, त्याच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा बसवा आणि काय बिघडलं ते बघा. जे बिघडलं, तेच तुमच्या निबंधाचं वाक्य.

एक उदाहरण घेऊ. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात राजा आपल्या धाकट्या मुलीला हाकलून देतो. केंट हा त्याचा निष्ठावंत सरदार. तो आधी अदबीनं, राजाला साजेशी संबोधनं वापरून मध्ये पडतो. राजा ऐकत नाही. मग केंट विचारतो, हे काय करायला निघालास, म्हाताऱ्या? मूळ ओळीत तिथे 'दाऊ' (thou, म्हणजे 'तू') आहे. आजचा वाचक 'दाऊ' दिसलं की जुनी इंग्रजी म्हणून डोळे पुढे नेतो. पण तिथे 'यू' घालून बघा. वाक्य चालतं, अर्थही राहतो, फक्त थप्पड नाहीशी होते. शेक्सपिअरच्या काळात इंग्रजीत दोन्ही सर्वनामं होती आणि राजाला 'दाऊ' म्हणणं म्हणजे आपल्याकडे साहेबांना 'ए, तू' म्हणण्यासारखं होतं. इथे मराठी वाचकाला आयतीच आघाडी मिळते. ज्यांच्या भाषेत आज एकच 'यू' उरलाय त्यांना हे तळटीप वाचून कळतं. आपल्या कानाला ते नुसतं सांगितलं तरी बोचतं. अर्थात 'दाऊ' दिसला की अपमान, असंही नाही. देवाला आणि जिवलगांना आपण 'तू'च म्हणतो, तसंच तिथेही आहे. म्हणून 'दाऊ' आहे एवढंच टिपू नका. एकाच संभाषणात कोण कुठल्या क्षणी 'यू'वरून 'दाऊ'वर येतो, तिथे पेन्सिलीची खूण करा.

मराठी कानाचा तोटा होतो तो छंदात. आपण लघु-गुरू मोजत वाढलेलो, त्यामुळे इंग्रजी ओळीतही मात्रा शोधत बसतो. इंग्रजी छंद आघातावर चालतो. 'रेकॉर्ड' हाच शब्द नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, बोलून बघा. आयँबिक पेंटामीटर म्हणजे साधारण दहा अवयव आणि पाच ठोके, हलका-जड, हलका-जड असे. बोटानं टेबलावर ठोके देत वाचा. ठोका जिथे अडखळेल तिथे थांबा, कारण कवीही बहुधा तिथेच काहीतरी करून बसलेला असतो. ओळ नियमात बसते हे सिद्ध करण्यात पानं घालवू नका. ती कुठे बसत नाही ते लिहा.

शब्दांचे अर्थही जुन्या तारखेनं बघायची सवय लावा. 'नाइस' हा शब्द चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीच्या इंग्रजीत 'मूर्ख' या अर्थानं येतो; 'सिली' एकेकाळी 'भाग्यवान', 'निष्पाप' अशा अर्थांचा होता. (आपल्या 'शहाणा'चं रोजच्या बोलण्यात काय झालंय बघा, म्हणजे नवल वाटणार नाही.) यासाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी वापरा. तिचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडलं, कारण प्रत्येक अर्थाला तारखांसकट उतारे जोडायचे होते. अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयातून ती ऑनलाइन उघडता येते. तुमच्या कवितेच्या सालाच्या आसपास तो शब्द कशासाठी वापरला जात होता ते बघा. अर्ध्या तासाच्या या कामातून कधीकधी अख्खा निबंध निघतो.

आणखी एक सराव, जोडीदार मिळाला तर. समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता दिल्या आणि त्यावर काय वाटतं ते लिहायला सांगितलं. त्या उत्तरांवरचं त्यांचं पुस्तक १९२९ साली आलं. नाव नसल्यामुळे भल्याभल्यांची गाडी घसरली होती. तुम्हीही एकमेकांना नाव झाकून कविता द्या. मी पहिल्या खेपेला एका नामवंत कवीला 'नवशिका दिसतो' म्हणून मोकळी झाले होते. लाज वाटली, पण त्यानंतर नावाला घाबरून लिहिणं सुटलं.

थिअरीच्या पेपरबद्दल थोडक्यात सांगते. घाबरू नका, आणि शब्द पाठ करून पेरूही नका. प्रत्येक सिद्धांताकडून एक प्रश्न उचला. विमसॅट आणि बिअर्ड्सली यांचा १९४६ सालचा निबंध विचारतो: लेखकाच्या मनात काय होतं यावर अर्थ ठरवायचा का? असा एकेक प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला तरी सत्र निघतं.

निबंध तपासताना मला सगळ्यात जास्त काय खटकतं, ते सांगते. पहिला परिच्छेद लेखकाच्या जन्मगावावर खर्च झालेला असतो. तो खोडा. पहिल्या पाचेक ओळींत असं विधान हवं, ज्याला कोणी समंजस माणूस 'मला नाही पटत' म्हणू शकेल. 'केंट निष्ठावान आहे' याला कोण नाही म्हणेल? 'केंटची निष्ठा उद्धटपणातूनच दिसते' म्हटलं की वाद सुरू होतो आणि पुरावा द्यावा लागतो. पुरावा म्हणून आठ ओळी उतरवू नका. दोन-तीन शब्द उचला आणि त्यांच्यावर चार वाक्यं लिहा. कथा सांगणारा 'मी' म्हणजे लेखक नव्हे, हे लाल शाईनं लिहून लिहून माझी शाई संपत आली आहे. कथानकाबद्दल लिहिताना वर्तमानकाळ ठेवा: केंट म्हणाला नाही, केंट म्हणतो.

टिपणं काढताना दोन रंग वापरा, समीक्षकाचं निळ्यात आणि तुमचं काळ्यात, आणि निळ्याशेजारी तिथल्या तिथे पान क्रमांक. वाङ्मयचोरीचे बहुतेक प्रकार लबाडीतून होत नाहीत. तीन आठवड्यांनी वही उघडल्यावर हे वाक्य आपलं की दुसऱ्याचं हे आठवत नाही, त्यातून होतात. पण नियम लागू करणाऱ्याला ते सिद्ध करून दाखवणार कसं? परीक्षेसाठी प्रत्येक पुस्तकातले पाच-सहा छोटे तुकडे पाठ असले की पुरे, एकाहून अधिक प्रश्नांना उपयोगी पडतील असे.

सर्जनशील लेखनाचा पेपर घेतलात तर आठवड्याला एकदा वर्कशॉपला बसावं लागेल. आयोवा विद्यापीठात १९३६ साली असं वर्कशॉप रीतसर सुरू झालं आणि पुढे ती रीत अनेक ठिकाणी गेली. तुम्ही आधी कथा पाठवता, सगळे वाचून येतात, बोलतात आणि तोवर बहुतेक वर्गांत लेखकानं गप्प बसायचं असतं. हा नियम जाचक वाटतो. पण छापलेल्या कथेबरोबर तुम्ही वाचकाच्या घरी समजावून सांगायला जाणार नसता.

माझी कथा दोन बहिणींची होती, इंग्रजीत. धाकटी मोठीला कायम 'ताई' म्हणते आणि एका भांडणात पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारते. माझ्या मते कथेचा कळस तिथे होता. वर्गात पहिला प्रश्न आला, "सहाव्या पानावर ही तिसरी बाई कोण आली?" त्यांनी 'ताई' हे मोठीचं नाव समजलं होतं. दुसऱ्यानं तर सुचवलं की या नव्या पात्राला आणखी वाव द्यावा. मी ओठ आवळून बसले होते. तोंड उघडायची परवानगी असती तर नातेसंबंधांवर दहा मिनिटं भाषण दिलं असतं आणि कथा तशीच लंगडी राहिली असती.

अशा वेळी काय करायचं? वाचकानं सुचवलेला उपाय घेऊ नका, त्यानं दाखवलेली जागा मात्र घ्या. तिसरी बाई वाढवणं हा उपाय चुकीचा होता, पण सहाव्या पानावर भोक होतं हे खरं. मी आधी तळटीप घातली. वाचून माझी मलाच झोप आली. मग एका पात्राच्या तोंडी 'ताई म्हणजे मोठी बहीण, माहितेय ना' असं वाक्य घातलं. घरातली माणसं एकमेकांना असं कधी सांगतात का? तेही काढलं. मग पुन्हा शब्द बदलण्याचाच खेळ केला: 'ताई'च्या जागी काय आलं, यापेक्षा ते कानावर पडल्यावर मोठी काय करते? चौथ्या ड्राफ्टमध्ये एकच वाक्य वाढवलं. धाकटी नावानं हाक मारते आणि मोठी मागे वळून दाराकडे बघते, बाहेरून कोणी आलंय का म्हणून. पुढच्या वर्कशॉपला तिसऱ्या बाईबद्दल कोणी विचारलं नाही.

ड्राफ्ट फेकू नका. प्रत्येकावर तारीख घालून ठेवा. सत्राअखेर कथांच्या फाइलसोबत बहुधा एक टिपणही द्यावं लागतं, कुठला निर्णय का घेतला याचं. तिथे 'मला लहानपणापासून लेखनाची आवड' असं सुरू केलंत तर परीक्षक पान उलटतो. तिसऱ्या ड्राफ्टमधलं वाक्य आणि चौथ्यातलं वाक्य शेजारी ठेवा आणि मधे काय घडलं ते लिहा. शिवाय वाचलेल्या पुस्तकांतून काय उचललंत तेही. माझ्या टिपणात मी केंटला घेतलं: त्याच्या भाषेत त्याला एक सर्वनाम पुरलं, माझ्या इंग्रजीत ते उरलं नव्हतं म्हणून मला एका बाईची मान वळवावी लागली. ओळीचा संदर्भ दिला, आणि या वेळी आवृत्ती लिहायला विसरले नाही.