हिरव्या डायचा रंग उडाला म्हणजे डाय संपला असं नसतं, या चुका टाळा

मॅलेकाइट ग्रीन या लॅबमधल्या हिरव्या डायचं (रंगद्रव्याचं) सोल्युशन फिकं पडलं की बरेच जण ते सरळ सिंकमध्ये ओतून नवीन करायला घेतात. पहिली गोष्ट, हा डाय पाण्यातल्या जिवांना विषारी आहे, सिंकमध्ये टाकायचाच नाही, वेस्टच्या बाटलीत जमा करायचा. आणि दुसरं म्हणजे रंग दिसेनासा झाला तरी डाय तिथेच असू शकतो, फक्त वेगळ्या रूपात, आणि तो कुठल्या रूपात गेलाय हे बघितलं नाही तर नवीन सोल्युशनचंही तेच होणार.

सगळ्यात मोठी चूक पीएचची. मॅलेकाइट ग्रीनचा हिरवा रंग त्याच्या पॉझिटिव्ह आयनचा असतो, त्या आयनच्या मधल्या कार्बनला हायड्रॉक्साइड चिकटला की कार्बिनॉल तयार होतो आणि त्याला रंगच नसतो. लोकांना वाटतं हे फक्त कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) टाकल्यावर होतं, पण पीएच 7 च्या आसपासच जवळजवळ अर्धा डाय कार्बिनॉल होऊ शकतो, फक्त ते हळूहळू, काही तास घेत होतं, म्हणून सकाळी न्यूट्रल बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) केलेलं सोल्युशन दुपारी रंग मोजणाऱ्या मशीनवर कमी रीडिंग देतं आणि आपण मशीनला दोष देत बसतो. कार्बिनॉल पाण्यात नीट विरघळतही नाही, त्यामुळे कधी कधी गढूळपणा येतो. रीडिंग घ्यायचंच असेल तर पीएच 4 ते 5 चा असेटेट बफर वापरा.

आता तपासायचं कसं? थोडं सोल्युशन वेगळं काढून त्यात डायल्यूट असेटिक ॲसिडचे थेंब टाका आणि थांबा, रंग लगेच येईलच असं नाही. परत आला तर कार्बिनॉल होता. घाईघाईत कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक ओतू नका कारण पीएच 2 च्या खाली डायच्या नायट्रोजनवर प्रोटॉन बसतो, रंग पिवळ्याकडे जातो आणि डाय खराब झाला असं वाटतं, जे खरं नाही. फॉस्फेट टेस्टमधलं मॅलेकाइट ग्रीन-मॉलिब्डेटचं ॲसिडिक रिएजंट पिवळसर असतं ते याचमुळे, फॉस्फेट मिळालं की त्यात हिरवा येतो. तिथे वेगळीच चूक होते, काचेची भांडी फॉस्फेटवाल्या डिटर्जंटने धुतलेली असतात आणि ब्लँकच (फॉस्फेट न घातलेलं सॅम्पल) हिरवा निघतो.

ॲसिडने रंग आला नाही तर ल्यूको फॉर्मचा, म्हणजे डायच्या रिड्यूस झालेल्या रूपाचा विचार करा. झिंक किंवा डायथायोनाइटसारखं रिड्यूसिंग एजंट असेल तर हा बनतो, तोही रंगहीन, पण तो ऑक्सिडाइझ केल्यावरच हिरवा होतो. हे लॅबपुरतं नाहीये. माशांच्या बुरशीवर हा डाय वापरला की शरीरात त्याचं ल्यूको रूप होतं आणि चरबीत खूप काळ राहतं, म्हणून टाकीतलं पाणी स्वच्छ दिसलं की औषध निघून गेलं असं समजणं धोक्याचं आहे, खायच्या माशांसाठी तर तो अनेक देशांत बंदच आहे.

वजन करतानाचा घोळ कमी बोलला जातो. क्लोराइड सॉल्टचं मॉलिक्युलर वेट साधारण 365, ऑक्झलेटचं 927, पण ऑक्झलेटमध्ये डायचे 2 आयन असतात म्हणजे एका आयनमागे 463.5. बाटलीवरचं लेबल न वाचता 365 धरलं तर आपण समजतो त्यापेक्षा डाय बराच कमी पडतो. 617 नॅनोमीटरजवळ हा इतका जोरात शोषतो की 10 मायक्रोमोलरलाच ॲब्सॉर्बन्स (प्रकाश शोषण्याचं रीडिंग) 1.5 च्या आसपास जातो, त्यामुळे गडद सोल्युशन डायल्यूट न करता तसंच क्युव्हेटमध्ये (मशीनच्या छोट्या पारदर्शक नळीत) भरू नका.

सगळे हिरवे डाय सारखे नसतात हेही बघा. मॅलेकाइट आणि ब्रिलियंट ग्रीनच्या आयनवर पॉझिटिव्ह चार्ज, फास्ट ग्रीन एफसीएफवर निगेटिव्ह, म्हणून स्पोर स्टेनिंगला (बॅक्टेरियाचे स्पोर रंगवायला) मॅलेकाइट संपलं तर फास्ट ग्रीन चालणार नाही.

आणि ज्याचा खरंच त्रास होतो ते म्हणजे डाय काढून टाकण्याचे प्रोजेक्ट. झिंक ऑक्साइड टाकलं, उन्हात ठेवलं, रंग गेला, लगेच 95 टक्के डिग्रेडेशन (डाय तुटला) लिहून मोकळे! अरे पण पावडरमुळे पीएच वर गेला असेल तर तो कार्बिनॉल आहे, पावडरवर चिकटला असेल तर ते ॲडसॉर्प्शन आहे, फिल्टर पेपरने किंवा प्लास्टिकच्या ट्यूबने ओढून घेतला असेल तर तेही रंग गेल्यासारखंच दिसतं. म्हणून एक कंट्रोल पावडरसकट अंधारात ठेवा, एक पावडरशिवाय उन्हात, प्रत्येक सॅम्पलचा पीएच सुरुवातीला आणि शेवटी लिहा, मोजण्याआधी सगळी सॅम्पल्स एकाच असेटेट बफरमध्ये आणून पुरेसा वेळ थांबा, आणि वापरलेली पावडर नि ट्यूब थोड्या इथेनॉलने धुऊन त्यात हिरवा उतरतो का ते बघा, उतरला तर तेवढा डाय तुटलेला नाही.